६० पट म्हणून विकलेलं भिंग, मागच्या अंगणातली चार झाडं आणि आप्पांची भुरी

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू भिंगांचा आहे. तीन भिंगं घेतली, तिन्हींवर मिळून साधारण ८५ डॉलर गेले, त्यातलं एक खोटारडं निघालं, एक कामाचं आणि एक शोभेचं. पण ती कशासाठी घेतली ते सांगितल्याशिवाय कुठलं का आवडलं ते कळणार नाही, म्हणून जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग, आता कॅनडात ऑन्टारिओत राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला दुकानातून विकत घेता येतो आणि एका घरात चार झाडं लावता येतात. घरात माणसं चार असोत की आठ, झाडं चारच. भारतात हे चालत नाही, तिथे १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे आणि चरस म्हणजे वेगळा काढलेला चीक हा तर त्यात गांजापेक्षाही कडक धरलाय, गांजाचं अल्प प्रमाण १ किलोपर्यंत धरतात आणि चरसचं १०० ग्रॅमपर्यंतच. आणि अल्प म्हणजे माफ नाही, फक्त शिक्षा कमी. त्यामुळे गावाकडच्या मित्रांनी वाचा, हसा, आणि सोडून द्या.

मी फार ओढणारा नाही खरं तर. बागायतदाराचा पोरगा, मागच्या अंगणात ऊन येतं, टोमॅटो लावतो, मिरची लावतो, तसं हेही लावलं, म्हणलं बघू कसं येतंय. मे महिन्याच्या शेवटी थंडी गेल्यावर रोपं बाहेर काढली, ऑगस्टमध्ये दिवस लहान व्हायला लागले तशी फुलावर आली, आणि सप्टेंबरात फुलांवर असं काही चमकायला लागलं की साखर भुरभुरल्यासारखं. तीच ती ट्रायकोम. चीक त्यातच असतो, वास त्यातूनच येतो, नशेचं जे काही आहे ते जवळपास सगळं त्या बारक्या गोळ्यांत. पान-देठ-खोड हा नुसता कारखाना, माल त्या गोळीत. तर झाड कधी कापायचं ते ह्या गोळ्यांचा रंग बघून ठरवतात असं जो तो सांगतो, आधी काचेसारख्या स्वच्छ, मग दुधाळ, मग मधासारख्या तांबूस. साध्या डोळ्याला यातलं काहीही दिसत नाही. आमच्याकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या आधी काडी तपासायला देतात ना, लॅबवाला काडीवरचा डोळा चिरून मायक्रोस्कोपखाली बघतो आणि सांगतो कितव्या डोळ्यावर घड आहे, तसंच हे. म्हणून भिंग.

पहिलं घेतलं ते सराफ वापरतात तसलं, घडीचं, चकचकीत, त्यावर ठसठशीत "६०x" कोरलेलं, बाजूला दोन छोटे एलईडी, एक पांढरा एक जांभळा. १२ डॉलर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हेच भिंग दहा नावांनी विकतात आणि सगळ्यांवर तोच आकडा असतो. आता बारावीचं फिजिक्स आठवा. साध्या भिंगाची पट काढायची तर २५० मिलिमीटरला त्याच्या नाभीय अंतराने भागायचं. म्हणजे खरंच ६० पट हवं असेल तर नाभीय अंतर जेमतेम ४ मिलिमीटर आलं, भिंग मुगाच्या दाण्याएवढं पाहिजे आणि ते फुलाला जवळपास चिकटवून, डोळा त्यावर टेकवून बघावं लागेल. माझ्या हातातलं भिंग चांगलं रुपयाच्या नाण्याएवढं, आणि चित्र स्पष्ट येत होतं फुलापासून साधारण २ सेंटिमीटरवर. २५० भागिले २०, साडेबारा. साठ कुठे आणि साडेबारा कुठे! दुधात पाणी घालणारासुद्धा एवढं घालत नाही. विकणाऱ्याला मेसेज टाकला तर उत्तर आलं की तुम्ही प्रॉडक्ट योग्य पद्धतीने वापरत नाही आहात, सोबत एक हसरा चेहरा.

पण खोटं असलं तरी टाकाऊ नाही हं. साडेबारा पटीत गोळ्यांचं रान दिसतं, म्हणजे खाली हिरवं आणि वर टाचण्या खोचल्यासारख्या, डोकं गोल, देठ सरळ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अंगणात पाच मिनिटं नुसता उकिडवा बसून होतो, बायकोने आतून दोनदा हाक मारली. फक्त रंग कळत नाही. गोळीचं डोकं फार फार तर ०.१ मिलिमीटरचं, म्हणजे एखाद्या जाड केसाच्या रुंदीएवढं, ते साडेबारा पट केलं तरी मोहरीपेक्षा बारीकच दिसणार, त्यात ते दुधाळ आहे का तांबूस हे कोण सांगणार. आणि तो जांभळा दिवा नोटा तपासायला असतो, रात्री पानावर मारला तर पान अंधुक लालसर दिसतं, ते हरितद्रव्य असतं, बाकी काही गुप्त वगैरे दिसत नाही. मुलाला मजा आली तेवढीच.

दुसरं, खिशात मावणारं छोटं मायक्रोस्कोप, प्लॅस्टिकचं, ६० ते १२० पट असं लिहिलेलं, २० डॉलर. हे मात्र बऱ्यापैकी प्रामाणिक. मी खाली स्टीलची पट्टी ठेवून बघितलं, ६० वर लावल्यावर गोलात मिलिमीटरच्या तीन रेघा मावतात, म्हणजे त्या मापात आहे. १२० वर लावलं की अंधार होतो आणि हात जरा हलला की सगळं भूकंपासारखं पळतं, त्यामुळे तो आकडा विसराच. मी काय करतो, एखादं फुलाचं टोक चिमटीएवढं कापतो, आत आणतो, डायनिंग टेबलावर काळ्या कागदावर ठेवतो आणि मग बघतो. झाडाला लागून, वाऱ्यात, कमरेत वाकून बघायचं असेल तर हे नको घेऊ, उगाच शिव्या द्याल.

आणि याच्यात जे दिसतं ना! तीन प्रकारच्या गोळ्या असतात. अगदी बारक्या, ज्या ह्यातही नीट दिसत नाहीत. मग पानाला चिकटून बसलेल्या, बिनदेठाच्या. आणि फुलावरच्या देठाच्या, अळंबीसारख्या, चीक काढणाऱ्यांचा जीव ज्यांच्यात अडकलेला असतो त्या. अळंबीच्या डोक्यात खाली पेशींची एक चकती असते, ती चीक तयार करते, आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली तो साठत जातो, फुग्यात पाणी भरावं तसा. आधी समज असा होता की बिनदेठाच्या आणि देठाच्या गोळ्या म्हणजे वेगवेगळ्या जाती, पण ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी २०२० मध्ये दाखवलं की फुलावरच्या देठाच्या गोळ्या आधी बिनदेठाच्या असतात आणि मोठ्या होता होता त्यांना देठ फुटतो. पानावरच्या बिनदेठाच्या गोळीत त्या चकतीच्या पेशी ८ आणि देठाच्या गोळीत १२ ते १६. ते मोजायचं तर त्यांच्यासारखी लॅब लागते, २० डॉलरच्या खेळण्यात पेशी दिसणार नाहीत, कोणी दिसतात म्हणालं तर थाप मारतोय.

बघायचं कुठे हेही सांगतो, कारण ह्यात माझं पहिल्या वर्षी पूर्ण चुकलं. फुलातून बाहेर आलेली जी छोटी पानं असतात साखर लागल्यासारखी, त्यावर बघायला सोपं जातं म्हणून सगळे तिथेच बघतात, मीही तिथेच बघितलं. पण त्या पानांवरच्या गोळ्या लवकर तांबूस होतात. मी ते बघून घाईने दोन झाडं कापली आणि आतल्या फुलाच्या फुगीर वेष्टनावर बघितलं तर निम्म्या अजून काचेसारख्या. द्राक्षाचं एक मणी चाखून अख्खी बाग तोडल्यासारखं झालं. दुसरं म्हणजे त्या यंत्राचा एलईडी थेट वरून पडतो, त्यामुळे प्रत्येक गोळीवर झगझगीत ठिपका येतो आणि दुधाळ पण स्वच्छ वाटते. दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा मारा, लगेच फरक दिसेल. हे पॅकिंगमधल्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, कागदावर फक्त बटन सेल गिळू नका एवढंच आहे आठ भाषांत.

तिसरं ते यूएसबीचं, कॉम्प्युटरला लावायचं, खोक्यावर "१०००x". ५० डॉलर. ह्याचा आकडा खोटा म्हणावा की निरर्थक तेच कळत नाही, कारण स्क्रीन मोठी घेतली की पट वाढणारच, मग घरच्या ५५ इंची टीव्हीवर लावून मी पाच हजार पट म्हणू का? कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, रंग निळसर, स्टँड इतका हलका की वायर जरा ओढली गेली की आडवा. सॉफ्टवेअर ज्या छोट्या सीडीवर आलं ती घालायला घरात एकही कॉम्प्युटर नाही. फोटो येतात, पण बाकी रंगाचा भरवसा नाही, आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे.

त्याचा एकच उपयोग झाला, आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना दाखवायला. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन समोर धरली, आप्पा बागेतून घरी येऊन टेकले होते, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "ही भुरी हाय." (भुरी म्हणजे द्राक्षावर येणारी पांढरी बुरशी.)

म्हणलं, "आप्पा भुरी नाय, हे असंच असतं."

"मला शिकवू नको. पानावर पांढरं दिसतंय ना? सल्फर मार आजच्या आज, नायतर फळात उतरंल."

"आप्पा हे त्याच्या अंगचं आहे, त्यातच चीक असतो."

आप्पा जरा वेळ गप्प. मग, "कुठलं पीक हाय म्हणला?"

सांगितलं. आता ओरडतील असं वाटलं, पण आप्पा स्क्रीनच्या अजून जवळ आले, त्यांचा अर्धा चेहरा आणि एक कान एवढंच मला दिसत होतं, आणि म्हणाले, "मंग ती डाव्या अंगाची भुरी हाय. ती गोळी नाय." आणि खरंच होती हो! फुलाच्या डाव्या बाजूच्या पानावर खऱ्याच भुरीचे धागे पसरायला लागले होते आणि मी गोळ्यांच्या नादात ते बघितलंच नव्हतं. चाळीस वर्षं द्राक्ष केलेला डोळा, २ मेगापिक्सेलवर आणि व्हॉट्सअॅपच्या कॉलवर. गंधक अर्थातच मारलं नाही, फुलावर गंधक मारून ते कोणी ओढायचं नसतं, ती पानं काढून टाकली, झाड जरा मोकळं केलं. त्या ५० डॉलरची वसुली तेवढीच.

आता चिकाकडे येतो, कारण खिशातल्या मायक्रोस्कोपची खरी परीक्षा तिथे झाली. झाडं कापून पानं खुडायला बसलो, तासाभरात बोटं काळी आणि चिकट, साबणाने जाईना, गरम पाण्याने जाईना. बायको सावंतवाडीची. तिने बघितलं आणि म्हणाली, "फणस कधी कापला नाहीस ना? खोबरेल लाव आधी." लावलं, चोळलं, मिनिटात सुटलं. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं की चीक काढायचा सगळा धंदा ह्या एका वाक्यात आहे. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, तुपात, दुधाच्या सायीत, दारूत, गॅसमध्ये. मग तुमच्यापुढे दोन रस्ते राहतात, एक तर गोळी आख्खी तोडून वेगळी करा, नाहीतर आतला चीक कशात तरी विरघळवून घ्या.

हात धुवायच्या आधी मी एक बोट मायक्रोस्कोपखाली धरलं होतं. फुटलेल्या गोळ्यांचा लगदा, देठाचे तुकडे, एक मांजराचा केस (आमच्या घरी मांजर नाही, शेजाऱ्यांचं आहे), माती, आणि माझ्याच कातडीचे पापुद्रे. ही सगळ्यात जुनी पद्धत, हिमाचलात मलाणा आणि पार्वती खोऱ्यात उभ्या झाडाची फुलं दोन्ही तळहातांत चोळतात आणि हाताला जे चिकटतं त्याची गोळी करतात, नेपाळातही तसंच. लोक त्याचं कौतुक फार करतात. चव असेल, मला माहिती नाही, पण माझं बोट ६० पटीत बघितल्यावर हातावर चोळलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दलचा आदर जरा कमी झाला हे खरं.

मग म्हणलं बाकीचे प्रकार पण बघू. घराजवळ लायसन्सवालं दुकान आहे, सरकारी शिक्क्याच्या साध्या डब्या, पिवळ्या पट्टीत मोठी धोक्याची सूचना, औषधाच्या दुकानापेक्षा कंटाळवाणं. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की ओढायला नाही, भिंगातून बघायला पाहिजे, तीन वेगवेगळ्या पद्धतीने काढलेलं एकेक ग्रॅम दे. ती हसली नाही की काही नाही, शांतपणे तीन डब्या काढल्या, कुठली कशी काढलेली ते सांगितलं, आणि वर म्हणाली की डबीवरचा टीएचसीचा, म्हणजे नशेच्या द्रव्याचा आकडा बघू नका, कसं काढलंय ते बघा. त्या दुकानाला पाचपैकी पाच. इथल्या कायद्यात १ ग्रॅम सुकं फूल म्हणजे पाव ग्रॅम चीक असा हिशोब धरतात, म्हणजे खिशात ३० ग्रॅम फूल बाळगता येतं पण चीक साडेसातच, तेही तिनेच सांगितलं.

पहिली डबी, कोरडं चाळलेलं. मोरोक्कोत रिफच्या डोंगरात, लेबनॉनमध्ये बेका खोऱ्यात, अफगाणिस्तानात हेच करतात, सुकलेली झाडं भांड्यावर ताणलेल्या बारीक कापडावर किंवा चाळणीवर आपटायची, गोळ्या खाली पडतात, पाचोळा वर राहतो. पिठाची चाळण, दुसरं काय. खाली पडलेली पूड दाबली की वडी होते, तेच हशीश. मायक्रोस्कोपखाली गोळ्या होत्या, बऱ्याच फुटलेल्या, आणि मध्ये मध्ये देठ, आणि काही टोकदार काटे, कुसळासारखे. ते काटेही झाडाचेच केस, पण चिकाचे नाहीत, पानाच्या वरच्या बाजूला असतात आणि त्यांच्या बुडाशी चुन्याचा खडा असतो, कॅल्शियम कार्बोनेट. गुन्ह्याच्या तपासात लॅबवाले हेच काटे शोधतात, त्यावर आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. मला काट्यांवरून एवढंच कळलं की चाळताना जरा जास्तच आपटलंय.

दुसरी, बर्फाच्या पाण्यातली. इथे तीच फणसाची गोष्ट उलटी वापरतात, पाण्यात चीक विरघळत नाही म्हणूनच पाणी. थंडीने गोळीचा देठ ठिसूळ होतो, ढवळलं की मोडतो, आणि मग एकाखाली एक जाळीच्या पिशव्यांतून पाणी गाळत जातात, प्रत्येक पिशवीची जाळी आधीच्यापेक्षा बारीक, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजलेली, ७३ ते १२० च्या मधलं जे मिळतं ते चांगलं धरतात, कारण मोठ्या गोळीचं डोकं त्याच मापाचं. मला ही डबी सगळ्यात आवडली, बघायला म्हणतोय. नुसतीच डोकी, एकसारखी, गोल, पिवळसर, खसखशीचा ढीग लावल्यासारखी. (उपमा जरा चुकीच्या झाडाची झाली, जाऊ द्या.) ह्या यंत्रयुगाच्या मागे अॅमस्टरडॅमची मिला यान्सन नावाची एक बाई आहे, भारतात बरीच वर्षं राहिलेली, डोंगरातलं चोळणं बघितलेलं, आणि नंतर घरचं कपडे वाळवायचं मशीन फिरताना बघून तिला सुचलं की असल्याच ड्रममध्ये फुलं टाकून फिरवली तर गोळ्या आपोआप गळतील. १९९४ मध्ये तिने तसलं यंत्र विकायला काढलं, नंतर बर्फाच्या पाण्याच्या पिशव्याही. आमच्या घरी ड्रायर फिरताना मला फक्त हरवलेले मोजे आठवतात.

तिसरी, रोझिन. दोन गरम पाट्यांमध्ये दाबून काढलेला चीक, बाकी काही घालत नाहीत. २०१५ च्या सुमारास लोकांनी केस सरळ करायच्या चिमट्याने हे घरोघरी करून बघितलं आणि मग त्याचे प्रेस आले. मायक्रोस्कोपखाली काय दिसलं, तर काहीच नाही. गुळगुळीत, काकवीसारखं, एक-दोन हवेचे बुडबुडे. गोळी फुटून आतलं बाहेर आलं, आता बघायला काय राहणार. म्हणजे भिंग इथे संपलं. तोच प्रकार गॅसने किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेल्याचा, ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सत्तर-एक पट दाबावर तो वायू ना धड वायू ना धड द्रव असा होतो आणि चीक ओढून घेतो. कॉफीतलं कॅफिन काढायलाही हे वापरतात आणि बिअरसाठी हॉप्सचा अर्क काढायलाही, आणि हॉप्स तर गांजाच्याच कुळातलं झाड, त्याच्याही फुलात अशाच पिवळ्या चिकट गोळ्या. ब्युटेन गॅसवालं मात्र घरी करायचा विचारही करू नका, तो गॅस खोलीत खाली साचतो, एक ठिणगी आणि घर उडतं, कॅनडात इतकं सगळं मोकळं करूनही हे घरी करायला बंदीच आहे ती उगाच नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. अफूतलं मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं निघालं, कोकापानातलं कोकेन १८६० च्या आसपास, आणि ह्या गोळीत नेमकं काय आहे हे कळायला १९६४ उजाडलं, इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येखिएल गाओनी यांनी पोलिसांनी पकडलेल्या लेबनॉनच्या हशीशमधून टीएचसी शुद्ध काढलं तेव्हा. माझं बोट बघितल्यावर का उशीर झाला ते पटलं. बाकीच्या दोघांचे क्षार होतात, स्फटिक होतात, आणि हा नुसता डिंक, त्यात शंभर गोष्टी कालवलेल्या. शिवाय ताज्या गोळीत टीएचसी जवळपास नसतंच, असतं ते त्याचं आम्ल, उष्णता लागली की मग त्याचं टीएचसी होतं.

भिंगांचा छंद लागला तसं मी घरातलं सगळं बघून काढलं. टोमॅटोच्या पानावर बोट फिरवल्यावर जो हिरवा वास येतो तो अशाच गोळ्यांचा, खिडकीतल्या तुळशीच्या पानावर पण आहेत, चपट्या, पानाच्या खळग्यात बसलेल्या, चुरगाळल्या की वास. आणि कापूस, तो तर बीवरचा नुसता केस, एका पेशीचा. म्हणजे खानदेशातला शेतकरी पण एका अर्थी ट्रायकोमचंच पीक घेतो.

तर मार्क. यूएसबीवाल्याला पाचपैकी दीड, अर्धा मार्क आप्पांमुळे. खिशातल्या मायक्रोस्कोपला साडेचार, अर्धा कापला तो १२० च्या थापेसाठी आणि बटन सेलचं झाकण दुसऱ्या आठवड्यात तुटलं म्हणून, आता सेलोटेप लावलीये. कोणाला गोळ्यांचा रंगच बघायचा असेल तर हेच घ्या, बाकी काही नको.

आणि ते १२ डॉलरचं "६०x" वालं. त्याला मी दोन देणार होतो. पण लाल कोळी आणि फुलकिडे बघायला दहा-बारा पटच लागते, त्याहून जास्त असली तर किडा पळून जातो आणि आपण पानावर शोधत बसतो. म्हणून डिसेंबरात गावी जाताना आप्पांसाठी तसलंच दुसरं घेतलं, कोरं, सीलबंद. माझं नेलं नाही, त्याला अजून वास येतो आणि मुंबई एअरपोर्टवर फणसाची गोष्ट कोण ऐकून घेणार. आप्पा आता ते गळ्यात दोरीने अडकवून बागेत फिरतात, वरचा ६० चा आकडा खरा नाही असं सांगितलं तर म्हणाले, "किडा तर दिसतोय ना?" आणि बटन सेल पिंपळगावला घड्याळाच्या दुकानात मिळतो. साडेतीन.